मत कोणाला, हे नको. मत कसे ठरते, ते शिकवा

न्यू जर्सीतील एका वाचक भगिनींनी लिहिले आहे: ‘आमच्या गावी दर रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेत मी हायस्कूलच्या वयाच्या चौदा मुलांना शिकवते. मोठ्या मुलांना गंभीर विषयावर मराठीत बोलता यावे म्हणून यंदा मी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कसा निवडला जातो हा विषय घेतला. राष्ट्राध्यक्ष निवडणारे ५३८ निर्वाचक (म्हणजे मतदारांचे प्रतिनिधी) आणि त्यांपैकी जिंकायला लागणारे २७० हे गणित दोन तास समजावले आणि शेवटी २०२४ च्या उमेदवारांसाठी वर्गात मतदान घेतले. हात वर होताच दोन मुलांत जुंपली, एक मुलगी रडू लागली, आणि रात्री तिच्या वडिलांचा फोन आला की मराठी शाळेत राजकारण नको. आता समितीही विषय बंद करा म्हणते आहे. त्या गोंधळात एका मुलाने मला विचारले होते, “मावशी, पण लोक ठरवतात कसे?” त्याला मला उत्तर देता आले नाही. मी अजून ग्रीन कार्डवर आहे. या देशात मी कधी मत दिलेले नाही. हा विषय मी पुढे न्यावा का, आणि न्यायचा तर कसा?’

सप्रेम नमस्कार.

विषय बंद करू नका. त्या रविवारी जे बिघडले ते हात वर करायला लावल्यामुळे बिघडले, आणि हीच चूक मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी केलेली असल्यामुळे ती तुम्हाला सांगताना मला संकोच वाटत नाही. याच राज्यातील एका सरकारी हायस्कूलमध्ये मी २४ वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. त्या दिवशी माझ्या वर्गात जवळजवळ सगळे हात एका उमेदवारासाठी वर गेले आणि दुसऱ्यासाठी एकच हात उठू लागला. तो अर्ध्यावरूनच मान खाजवण्याचे निमित्त करून खाली आला. पूर्ण आठवडाभर मतदानाबद्दल मी जे बोलले होते, त्यातले त्या मुलाच्या पदरात काय पडले असेल हे मला वेगळे सांगायला नको.

अमेरिकेला स्वतःला ही गोष्ट उमगायला शंभर वर्षे लागली. सुरुवातीच्या काळात अनेक राज्यांत मतदार सर्वांसमक्ष उमेदवाराचे नाव मोठ्याने उच्चारत असे. पुढे पक्षांनी स्वतः छापलेल्या चिठ्ठ्या आल्या, परंतु त्यांचा रंग आणि आकार लांबूनही ओळखू येत असल्यामुळे कारखान्याचा मालक किंवा गल्लीतला पुढारी कोणी कोणाला मत टाकले ते उभ्या उभ्या हेरू शकत असे. सरकारने छापलेली, सर्व उमेदवारांची नावे एकत्र असलेली आणि आडोशाला जाऊन भरायची मतपत्रिका ऑस्ट्रेलियातून आली. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ती राज्यभर लागू केली आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्यांनी तिचा स्वीकार केला. केंटकीत तोंडी मतदान थांबले ते १८९१ च्या राज्यघटनेने. पुढच्या रविवारची सुरुवात याच हकिकतीने करा आणि मागच्या वेळी मी तुम्हाला सव्वाशे वर्षे मागे नेले होते, असे मुलांसमोर सरळ कबूल करून टाका. बाईंनी आपली चूक मान्य केली की वर्ग सैलावतो, हा माझा अनुभव आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते, कारण खरा धडा तोच आहे. ५३८ आणि २७० चे गणित मुलांना फार आवडते, शिक्षकांना त्याहून जास्त आवडते, कारण त्याला पक्के उत्तर असते. परंतु ते गणित सुरू होते मत पडल्यानंतर. मत पडण्यापूर्वी माणसाच्या मनात काय होते याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. म्हणून तुम्ही क्रम उलटा करा: आधी मतदार, मग यंत्रणा.

मी उमेदवारांची नावे फळ्यावर लिहीतच नसे. त्याऐवजी पोस्टकार्डाएवढ्या बारा कार्डांवर बारा काल्पनिक मतदार लिहून ठेवलेले असत आणि प्रत्येक जोडीला एक कार्ड मिळे. त्यांतले एक मला अजून पाठ आहे: ‘वय ५८. ईस्टन, पेनसिल्व्हेनिया. मालवाहू ट्रक चालवतो. युनियनचा सभासद. वडील बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात होते; तिथल्या भट्ट्या १९९५ मध्ये विझल्या. दर रविवारी चर्च. पत्नी नर्स. २००८ आणि २०१२ मध्ये डेमोक्रॅट ओबामांना मत, २०१६ मध्ये रिपब्लिकन ट्रम्प यांना.’ कार्ड वाचून मुलांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असे: या माणसाचा गोंधळ झाला आहे. मग मी नियम सांगत असे की उत्तर त्या माणसाच्या तोंडून, ‘मी’ म्हणून द्यायचे, आणि ‘मी मूर्ख आहे म्हणून’ हे उत्तर चालणार नाही. एकदा एक मुलगी बराच वेळ गप्प बसून म्हणाली, “मला दोन्ही वेळा बदल हवा होता, बदल आणतो म्हणणारा माणूस तेवढा वेगळा होता.” तिचे उत्तर बरोबर होते की चूक ते मला माहीत नाही, परंतु त्या क्षणापासून वर्गाने त्या ट्रकचालकाला हसणे बंद केले.

हा माणूस कल्पनेतला असला तरी त्याचा परिसर खरा आहे. ईस्टन ज्या नॉर्दॅम्प्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे, तिने २००८ आणि २०१२ मध्ये ओबामा, २०१६ मध्ये ट्रम्प, २०२० मध्ये बायडेन आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प यांना आघाडी दिली. मात्र येथे मुलांना एक सावधगिरी शिकवायला हवी. काउंटीचा कौल फिरला म्हणजे तेथील माणसांची मने फिरली, असे धरून चालता येत नाही. कधी मागच्या वेळचा मतदार घरी बसतो, कधी नवा मतदार बाहेर पडतो, आणि आकडा फिरतो.

माणसे मुळात कमीच फिरतात. १९४० साली समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील इरी काउंटीत सुमारे ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर या काळात पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांचे मत मे महिन्यातच, म्हणजे उमेदवार पक्के होण्याच्याही आधी, ठरलेले होते; एका पक्षाकडून दुसऱ्याकडे खरोखर गेलेले लोक थोडेच निघाले, आणि ज्यांचे मत उशिरा ठरले त्यांच्यावर वर्तमानपत्रे आणि रेडिओ यांपेक्षा ओळखीच्या माणसांच्या बोलण्याचा प्रभाव अधिक दिसला. पुढील अभ्यासांनी पक्षनिष्ठेचे हे बळ पुन्हा पुन्हा दाखवले आहे. तुमच्या वर्गातील मुलांच्या आईवडिलांना हे सांगण्याची गरजसुद्धा पडणार नाही. आपल्याकडे गावात अमुक वाडा कोणत्या पक्षाचा हे शेंबडे पोरही सांगत असे. अमेरिकेतही पक्ष पुष्कळदा मते तपासून निवडला जात नाही, तो घरातून, चर्चमधून, कामाच्या ठिकाणाहून येतो आणि पुढे माणूस बातम्यासुद्धा त्याच चष्म्यातून वाचतो.

पक्षाच्या जोडीला मतदार आणखी एक हिशेब करतो, तो मागील चार वर्षांचा. २८ ऑक्टोबर १९८० रोजी क्लीव्हलंडच्या वादसभेत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध उभे असलेले रोनाल्ड रेगन यांनी प्रेक्षकांना विचारले होते की चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमची स्थिती बरी आहे का. महागाईने आणि इराणमधील ओलिसांच्या प्रकरणाने त्रासलेल्या देशात या प्रश्नाचे उत्तर त्यांना द्यावे लागले नाही; ४४ राज्ये त्यांच्याकडे गेली. दोन्ही पक्षांची धोरणे शेजारी शेजारी ठेवून तुलना करणे बहुतेकांना जमत नाही, त्यांना तेवढी सवडही नसते, परंतु किराणामालाचे बिल आणि घराचा हप्ता प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असतो. तुमच्या कार्डांवर असे तपशील भरपूर घाला. ‘मध्यमवर्गीय’ असे लिहिण्यापेक्षा ‘घराच्या कर्जाची १९ वर्षे बाकी’ असे लिहिले की मुले विचार करू लागतात.

उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग मी मुद्दाम कमी ठेवत असे, कारण मुलांना तोच आधीपासून सर्वांत जास्त ठाऊक असतो. २६ सप्टेंबर १९६० च्या केनेडी–निक्सन वादसभेची गोष्ट तुमच्याही वाचनात येईल: टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी सरस वाटले आणि रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन. गोष्ट चटकदार आहे, परंतु तिचा पुरावा फारच तकलादू असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. ती सांगायचीच असेल तर ‘ही आपल्याला इतकी खरी का वाटते?’ या प्रश्नासह सांगा.

बारा कार्डांपैकी चार कार्डांवर मी शेवटी ‘मतदानाला गेली नाही’ किंवा ‘गेला नाही’ असे लिहिलेले असे. मुले त्यावर चिडत, कारण त्यांनी आधीच त्या माणसाला कोणाला तरी मत द्यायला लावलेले असे. २०२० मध्ये मतदानास पात्र असलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांनी मत दिले आणि १९०० नंतरचे ते सर्वाधिक प्रमाण होते. म्हणजे विक्रमी वर्षातसुद्धा तिघांतला एक घरीच होता. निवडणूक मंगळवारी असते, तीही १८४५ च्या कायद्यामुळे, आणि मंगळवारी दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईचे काय होते, हे एखाद्या मुलालाच सुचू द्या.

इतके झाल्यावर मग यंत्रणा शिकवा, आणि ती नकाशावर न शिकवता पुलावर शिकवा. ईस्टनच्या समोर डेलावेअर नदीच्या अलीकडे न्यू जर्सीतले आपले फिलिप्सबर्ग आहे. पूल चालत ओलांडता येतो. कार्डावरच्या ट्रकचालकाला उचलून फिलिप्सबर्गमध्ये राहायला आणा आणि मुलांना विचारा की त्याच्यात काय बदलले. माणूस तोच, विचार तेच, डिझेलचा खर्च तोच. परंतु १९ निर्वाचकांच्या पेनसिल्व्हेनियात दोन्ही पक्ष त्याच्या दारात उभे राहत होते, आणि १४ निर्वाचकांच्या न्यू जर्सीत, जिथे १९८८ नंतर एकदाही रिपब्लिकन उमेदवाराला आघाडी मिळालेली नाही, तिथे त्याला कोणी विचारत नाही. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर राज्यात ज्याला सर्वाधिक मते त्याच्याच पारड्यात सगळे निर्वाचक पडतात, हा नियम मुलांना पुलावर जसा कळतो तसा तक्त्यावर कळत नाही. त्यानंतर २००० साली फ्लोरिडातील ज्या ५३७ मतांच्या अंतराने जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष झाले, ते सांगा, आणि २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मते अधिक मिळूनही मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतील मिळून ८० हजारांहून कमी मतांनी निकाल कसा ठरला, तेही सांगा.

येथे हमखास कोणीतरी ‘हा अन्याय आहे’ असे म्हणते. तिथे घाई करू नका. या पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे, म्हणजे हा राज्यांचा संघ आहे, लहान राज्यांना वजन हवे, उमेदवाराला निरनिराळ्या प्रदेशांतून पाठिंबा गोळा करावा लागतो, हे त्यांच्याच शब्दांत आधी मांडायला लावा; मग विरोधकांचे. न्यू जर्सीनेच २००८ मध्ये देशभरातील एकूण मतांनुसार आपले निर्वाचक द्यायच्या राज्याराज्यांतील करारात सामील होण्याचा कायदा केला आहे, हे वर्गातील निम्म्या पालकांनाही माहीत नसेल. पुरेशी राज्ये सामील होऊन २७० चा आकडा गाठला जाईपर्यंत तो करार अमलात येत नाही.

मराठी शाळेत हा विषय घेण्याचा एक फायदा तुमच्या हाती आहे आणि तो तुम्ही वापरलेला दिसत नाही. या मुलांचे आजी-आजोबा उन्हाळ्यात येतात. त्यांना विचारा की भारताचा राष्ट्रपती कोण निवडतो. पुष्कळजण आधी ‘आपणच’ म्हणतील आणि मग थबकतील. तिथेही निर्वाचक मंडळच आहे, परंतु त्यात खासदार आणि आमदार असतात, आणि महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५, गोव्याच्या आमदाराचे २०, उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८ असते, कारण ते १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेले आहे. पक्षनिष्ठा कधी सैल होते हे दाखवायला त्यातली दोन उदाहरणे उत्तम आहेत. १९६९ मध्ये इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याचे आवाहन केले आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडून व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. २००७ मध्ये शिवसेनेने भाजपबरोबर युतीत असूनही प्रतिभाताई पाटील यांना मत दिले, कारण त्या मराठी होत्या. मतदार आपलेपणा कशात शोधतो, हे या घटनेइतके थोडक्यात दुसरे काही सांगत नाही, आणि याच उदाहरणावर घरातल्या आजोबांचे मत काय होते हे विचारले तर संध्याकाळ निघून जाते.

घरच्या अभ्यासासाठी मुलांना एका प्रौढ मतदाराची मुलाखत घ्यायला सांगा, मात्र ‘कोणाला मत दिले?’ हा प्रश्न वर्ज्य ठेवा. कधी ठरवले, कोणाशी बोलून ठरवले, शेवटी कशाकडे दुर्लक्ष केले, एवढेच विचारायचे. एखादा हुशार मुलगा सगळ्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्नावली टाकून ‘अमेरिकेचे मत’ घेऊन येईल. त्याला १९३६ च्या लिटररी डायजेस्टची गोष्ट सांगा: त्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी चिठ्ठ्या पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, अंदाज निघाला रिपब्लिकन उमेदवार लँडन यांच्या विजयाचा, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. पत्ते मोटारमालकांच्या आणि टेलिफोनधारकांच्या याद्यांतून घेतलेले होते, आणि परत पाठवणारेही ठरावीक वृत्तीचे होते. आपला ग्रुपही तसाच आहे.

तुम्ही येथील मतदार नाही, याची खंत करू नका. मुले ‘मावशी, तुम्ही कोणाला दिले असते?’ असे विचारणारच, आणि तुम्हाला खरे उत्तर आयते उपलब्ध आहे: मला अधिकार नाही, म्हणून मी फक्त पाहते. मला ते उत्तर कधी देता आले नाही. मी ‘जूनमध्ये शाळा संपल्यावर सांगेन’ म्हणत असे आणि जूनमध्ये कोणाला आठवत नसे. एक काळजी मात्र घ्या. वाहनपरवान्याच्या कार्यालयात फॉर्म भरताना मतदार नोंदणीचा भाग नीट वाचा, कारण नागरिक नसताना मत देणे हा गुन्हा आहे आणि त्यापायी ग्रीन कार्ड धोक्यात येते. वर्गात हेही सांगा. मतदार कोण नाही हे कळल्याशिवाय मतदार कोण हे पुरते कळत नाही.

समितीची भीती अगदीच निराधार नाही. तुमची शाळा अमेरिकेच्या करकायद्यातील कलम ५०१(सी)(३) खाली करमुक्त असलेल्या मंडळाची असेल तर त्या मंडळाला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करता येत नाही. मतदानाची पद्धत आणि इतिहास निःपक्षपातीपणे शिकवायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. तेव्हा समितीला लेखी कळवा की यापुढे हयात उमेदवारांवर वर्गात मतदान होणार नाही, आणि बारा कार्डे त्यांना आधी वाचायला द्या. त्या मुलीच्या वडिलांना मात्र पत्र पाठवू नका, फोन करा. वर्गात त्यांच्या मुलीला सर्वांसमोर मत उघड करावे लागले, ते व्हायला नको होते, एवढे म्हणा, आणि मुलाखतीसाठी त्यांचाच अर्धा तास मागा.

शेवटी मतदान घ्यायचेच असेल, आणि मुले हट्ट धरणारच, तर ते १८६० च्या निवडणुकीवर घ्या: लिंकन, डग्लस, ब्रेकिन्रिज आणि बेल, चार उमेदवार, आणि प्रत्येक मुलाने त्यासाठी केलेल्या नव्या कार्डावरचा त्या काळचा माणूस होऊन मत द्यायचे. ज्या कार्डावर स्त्री किंवा गुलाम असेल त्याला मतपत्रिका मिळणार नाही, आणि ती न मिळालेली मुले त्या दिवशी सर्वांत जास्त बोलतात. पेटी म्हणून बुटांचा खोका चालेल. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून फक्त फुली करायला सांगा, आणि सगळ्यांना एकसारखीच पेन्सिल द्या.